जमीन विकण्याआधी क्लास-टू मेडिकल

पत्र : मी चिंचवडला राहते. यंदा बारावी सायन्स झाले, पीसीएमला ७८ टक्के. बाबा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर आहेत, चार वर्षांनी रिटायर होतील. धाकटी बहीण नववीत आहे. मामा म्हणतो पायलट हो, राजगुरुनगरजवळची जमीन विकू. बाबा म्हणतात एएमई (विमान देखभालीचा लायसन्सधारी इंजिनीअर) कर, हातात हुन्नर राहील. एका इन्स्टिट्यूटमधल्या मॅडमनी तिसरंच सांगितलं : ‘फ्लाइट ऑपरेशन्स डिप्लोमा’, एक वर्ष, २ लाख ८० हजार, २० तारखेच्या आत ॲडमिशन घेतली तर दहा टक्के सूट. मला साडेतीनचा चष्मा आहे. बाबांच्या गाडीची क्लच प्लेट मी त्यांच्याबरोबर बदलली आहे. सुखोई गेलं की अजूनही जिना धावत चढून गच्चीवर जाते. सातबाऱ्यावर अजून आजीचं नाव आहे. काय करू, सरळ सांगा.

उत्तर :

आधी तो डिप्लोमा निकालात काढू, कारण त्याला तारीख आहे. विमान कंपनीत ‘फ्लाइट ऑपरेशन्स’ म्हटलं की त्यात पायलट येतात आणि जमिनीवर बसून प्रत्येक उड्डाणाचा आराखडा करणारे डिस्पॅचर येतात. पायलटला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन्स लागतं. डिस्पॅचरला विमान कंपनीच प्रशिक्षण देते आणि डीजीसीएची मान्यता तिच्यामार्फत होते. बाहेरच्या एक वर्षाच्या डिप्लोम्यानं यातलं काहीच होत नाही. असे कोर्स करणारी बरीच मुलं शेवटी चेक-इन काउंटरवर उभी दिसतात. ते काम कमीपणाचं नाही, पण त्यासाठी पावणेतीन लाख मोजायची गरज नाही. सूट असो की नसो, २० तारीख जाऊ दे.

कुणी ना कुणी तुला आणखी एका गोष्टीत गोंधळात टाकेल. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि एएमई लायसन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीवाला पंख कसा बनवायचा ते शिकतो. लायसन्सवाला दुरुस्त केलेलं विमान ‘उडायला योग्य’ म्हणून सही करतो. बी.टेक. झालेल्याला ती सही करता येत नाही.

आता मामा आणि बाबा. दोघांचं भांडण मिटवायला पहिला माणूस डॉक्टर. डीजीसीएच्या संकेतस्थळावर क्लास-टू मेडिकल, म्हणजे पायलट व्हायची पहिली वैद्यकीय तपासणी, करणाऱ्या डॉक्टरांची यादी आहे. त्यातल्याच कुणाकडे जा, घरच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे असं सगळं होतं, खर्च काही हजारांचा. साडेतीनच्या चष्म्यानं दार बंद होत नाही. चष्मा लावून दिसतं किती, नंबर स्थिर आहे का आणि रंग नीट ओळखता येतात का, हे बघतात. रंगांच्या ठिपक्यांमधला आकडा वाचायची इशिहारा चाचणी असते, तिथं अडकलीस तर तो मोठाच प्रश्न. बऱ्याच एएमई संस्थाही प्रवेशाच्या वेळी रंगदृष्टीचा दाखला मागतात, त्यामुळे हा खर्च कुठल्याही बाजूनं वाया जात नाही. लेझरनं नंबर काढायचं डोक्यात असेल तर आधी याच डॉक्टरला विचार, कारण ऑपरेशननंतर ठरावीक काळ थांबावं लागतं.

क्लास-टू झालं की क्लास-वन, व्यावसायिक पायलटला लागणारी जास्त कडक तपासणी. तेही फ्लाइंग स्कूलची फी भरायच्या आधी. पहिलं क्लास-वन ठरावीक केंद्रांवरच होतं आणि तिथं पोरं ‘तात्पुरते अपात्र’ होतात ती बहुतेक साध्या गोष्टींनी : घाबरून चढलेलं ब्लडप्रेशर, वजन, कमी हिमोग्लोबिन. हे सुधारता येतं, महिने जातात इतकंच. पण निम्मी फी भरून झाल्यावर ते महिने गेले तर व्याज चालू राहतं.

पैशांचा हिशेब तुझ्या घरापुरता करू. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, आज साधारण ४५ ते ६० लाखांत पडतं. त्यानंतर ए-३२० किंवा ७३७ चं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान चालवायची मान्यता), आणखी बारा ते वीस लाख. समज ५० लाखांचं कर्ज, ११ टक्के, दहा वर्षं : हप्ता जवळजवळ ६९ हजार. नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही असं बँक म्हणते, पण महिन्याला ४५,८०० रुपये व्याज साठत असतं. दीड वर्ष वाट पाहिलीस तर सव्वाआठ लाख वाढले. बाबा त्या सुमाराला रिटायर आणि बहीण बारावीत. शेतजमीन तारण म्हणून बऱ्याच बँका घेत नाहीत, म्हणूनच मामा थेट विकायचं बोलतोय.

आणि वाट बघावी लागते. ‘शेकडो विमानांच्या ऑर्डरी आहेत, पायलट कमी पडतायत’ हे अर्धं खरं. इंडिगोनं २०२३ साली ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी ४७० ची. पण कंपन्यांना टंचाई भासते ती कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन्स, लागतं, त्याला १,५०० तास. दोनशे तासांची नवी सीपीएलवाली मुलं रांगेत भरपूर. रांगेत उभं असताना इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडायची मान्यता) ताजं ठेवायला पुन्हा पैसे भरून उडावं लागतं, हे ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

ते दोनशे तासही मोजून घे. १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझी. त्यात २० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे उडणं), त्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. १० तास इन्स्ट्रुमेंट. रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथं हे जमत नाही. पुण्याच्या जवळ म्हणजे बारामती. जूनपासून खाली आलेले ढग आणि वारा यांत दिवसच्या दिवस जातात. पण तास रखडण्याचं मोठं कारण वेगळंच असतं : शिकवायची छोटी सेस्ना १०० तासांच्या तपासणीला लागलेली आणि सुटा भाग आलेला नाही. फ्लाइंग स्कूलला भेट दिलीस तर विमानं किती आहेत हे विचारू नकोस. आज सकाळी उडण्याजोगी किती आहेत आणि विद्यार्थी किती आहेत, ते विचार. गेल्या वर्षी जुलैत एकेका विद्यार्थ्याचे किती तास झाले तेही विचार. फी हप्त्यानंच द्यायची, झालेल्या तासांप्रमाणे. इंधन महागलं तर फरक कोण भरणार आणि सोडलं तर परत किती, हे लेखी घ्यायचं. एकरकमी भरल्यास सूट देतो म्हणणाऱ्याला हात जोडायचे.

एएमईकडे पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. सीएआर-१४७ (एएमई शिकवणाऱ्या संस्थांसाठीचा डीजीसीएचा नियम) खाली मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षं, २,४०० तास. फी संस्थेनुसार बदलते, सहा-आठ लाख धरून चाल. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही. तुझ्या घरासाठी हा आकडा महत्त्वाचा. त्यानंतर डीजीसीएच्या मॉड्यूल परीक्षा. उत्तीर्णतेला ७५ टक्के लागतात (पायलटच्या पेपरांना ७०). मॉड्यूल ७, ९ आणि १० मध्ये लिहायचे प्रश्नही असतात : मेंटेनन्सची कामं, ह्यूमन फॅक्टर्स, कायदा. पोरं गणितात कमी आणि या तिनांत जास्त अडकतात, कारण उत्तर माहीत असूनही मुद्देसूद लिहिता येत नाही. मान्य कोर्स केलेल्यालाही बी-१.१ किंवा बी-२ लायसन्ससाठी चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मग टाइप रेटिंग, इथं त्या जातीच्या विमानावर सही करायची मान्यता. म्हणजे आज सुरू केलंस तर स्वतःच्या सहीनं ए-३२० उड्डाणाला सोडायला पाच-सहा वर्षं. मधल्या काळात टेक्निशियनचा पगार, आणि तो बेताचाच. बाबांना हे आधी सांग. ‘दोन वर्षांत कोर्स संपला, आता पगार’ असं घरात सगळे धरून चालले की तिसऱ्या वर्षी वाद सुरू होतात.

बी-१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं : इंजिन, सांगाडा, यंत्रणा, वीज. बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. क्लच प्लेट बदलणारीनं बी-१.१ बघावं. फिजिक्समध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा धडा सगळ्यात आवडला असेल तरच बी-२.

आता कामच दाखवतो, म्हणजे नुसत्या पदांच्या नावांवर ठरवायला नको.

पहाटेचे साडेचार. रात्रभर लोहगावला उभं असलेलं ए-३२० साडेपाचला दिल्लीला निघायचंय आणि एपीयू सुरू होत नाही. एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं टर्बाइन. विमान जमिनीवर असताना वीज आणि दाबाची हवा तेच पुरवतं. त्या हवेवर केबिनचा एसी चालतो आणि मुख्य इंजिनं फिरवून सुरू होतात.

इंजिनीअर आधी बिघाड निघतोय का बघतो. वेळेत निघत नसेल तर एमईएल उघडतो : काय बंद ठेवून, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल त्याची मंजूर यादी. बी वर्गाला तीन दिवस, सी ला दहा, डी ला १२०, आणि नोंद केली तो दिवस यात धरत नाहीत. यादीत सांगितल्याप्रमाणे एपीयू निष्क्रिय करायचं, कॉकपिटमध्ये पट्टी चिकटवायची, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहायचं, सही करायची आणि लायसन्स नंबर टाकायचा. बाहेर ड्युटी मॅनेजर घड्याळ दाखवत उभा असतो.

तीच बातमी डिस्पॅचरकडे जाते. त्याचा प्रश्न दिल्लीचा नसतोच, तिथं सगळं मिळतं. हेच विमान दुपारी ज्या छोट्या विमानतळावर जाणार आहे तिथं एअर स्टार्टरची, म्हणजे इंजिन सुरू करायला बाहेरून दाबाची हवा देणारी, गाडी आहे का? नसेल तर तिथं इंजिनं बंद केली की विमान अडकलं. मग तो विमानांची अदलाबदल करतो आणि याला दिवसभर मोठ्या विमानतळांवरच फिरवतो. मे महिना असेल तर उभ्या विमानात एसी नाही, म्हणून प्रवासी उशिरा चढवायचे, हेही तोच कळवतो.

कॅप्टनच्या डोक्यात तिसराच हिशेब. एक इंजिन स्टँडवर बाहेरच्या हवेनं सुरू करायचं, दुसरं पुशबॅकनंतर पहिल्याची हवा घेऊन. त्यासाठी चालू इंजिनाचा जोर वाढवावा लागतो, म्हणजे मागं माणूस, ट्रॉली, दुसरं विमान काही नको. वर गेल्यावर एक जनरेटर बंद पडला तर एपीयूचा जनरेटर हाताशी नाही. वाटेत हवामान कसं आहे? पटलं नाही तर विमान नाकारायचा अधिकार त्याचा.

वाचताना तू या तिघांतल्या कुणाच्या जागी जाऊन बसलीस ते आत्ताच वहीत लिही. उद्या लिहिशील तर मामाचं मत त्यात मिसळेल.

या तिघांमधला निरोप चुकला की काय होतं त्याचा धडा दोन्हीकडे शिकवतात. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं नवं बोइंग ७६७. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद, म्हणून टाक्या हातानं मोजून हिशेब मांडला. लागत होतं २२,३०० किलो. टाक्यांत होतं ७,६८२ लिटर. लिटरचे किलो करायला साधारण ०.८ नं गुणायचं. गुणलं १.७७ नं, तो आकडा पौंडांचा. आले १३,५९७, आणि सगळ्यांनी ते किलो समजून घेतले. भरायला हवं होतं सुमारे २०,००० लिटर, भरलं ४,९१७. जमिनीवरच्यांनी मांडलेला हिशेब वैमानिकांनी तपासला, पण तोच १.७७ वापरून, मग चूक सापडणार कशी? ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टनला ग्लायडर चालवायचा सराव होता, म्हणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर विमान उतरलं आणि कुणाचा जीव गेला नाही. कॅल्क्युलेटर घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करून बघ, दोन्ही आकड्यांनी.

घरबसल्या दोन परीक्षा दे, प्रत्येकी पंधरा दिवस.

पहिली उडणाऱ्यांची. रोज सकाळी सातला पुण्याचा आणि मुंबईचा मेटार काढ, म्हणजे विमानतळाचा ताजा हवामान अहवाल. पुण्याचा कोड व्हीएपीओ, मुंबईचा व्हीएबीबी. वारा, दृश्यमानता, ढगांची उंची, तापमान, दवबिंदू हे कोडची यादी न बघता वाचता येईपर्यंत वाच. मग त्या दिवशीचा टीएएफ, म्हणजे अंदाज, वाचून लिही : संध्याकाळी सहाला पुण्यात उतरता येईल का, नाही आलं तर मुंबई पर्यायी म्हणून चालेल का? संध्याकाळी पुन्हा मेटार बघून स्वतःला गुण दे. पावसाळ्यात पुणे आणि मुंबई एकाच वेळी बिघडतात, तेव्हा तिसरा पर्याय आणि त्याचं इंधन धरावं लागतं. हे करताना मजा येत गेली तर चांगलं लक्षण. आठव्या दिवशी कंटाळा आला तर सीपीएलच्या मीटिऑरॉलॉजीत (हवामानाच्या पेपरात) आणि नंतर रोजच्या ब्रीफिंगमध्येही हेच आहे, एवढं लक्षात घे.

दुसरी दुरुस्तीवाल्यांची. बोहरी आळीतून ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार आण, आणि डोक्यात आरपार भोक पाडलेले दोन बोल्ट बाबांकडून करून घे. दोन्ही पट्टीवर आवळ आणि तार दुहेरी पीळ देऊन एकमेकांना बांध. इंचाला सहा ते आठ पीळ, सगळे सारखे. पहिला बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनं दुसरा आवळण्याच्या दिशेनं ओढला गेला पाहिजे, आणि उलटही तसंच. पहिल्या दहा वेळा दिशा चुकेल. पीळ जास्त दिले तर तार ठिसूळ होऊन तुटते, कमी दिले तर हलते आणि घासत राहते. तारेचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्याच्या हातात घुसतं.

जमलं की बाबांच्या गाडीचं एक काम कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे कर, टॉर्क रेंचनं. प्रत्येक पायरीला वहीत वेळ लिही आणि सही कर. मध्येच काम सोडून दोन तास बाहेर जा. परत आल्यावर कुठला नट आवळलाय आणि कुठला नुसता हातानं फिरवलाय, ते फक्त वहीवरून कळतंय का? मेंटेनन्समध्ये पाना चालवणं लवकर येतं. लिहायचा कंटाळा जात नाही, आणि शिफ्ट बदलताना नेमका तोच नडतो. शिवाय विमानं दिवसा उडतात आणि रात्री दुरुस्त होतात, त्यामुळे तुझी पहिली काही वर्षं बरीचशी रात्रपाळीत जाणार. १९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच हवेत निसटून गेली. सत्तावीस तास आधी ती बसवताना भागांची यादी न उघडता जुन्या बोल्टसारखे दिसणारे बोल्ट घेतले होते. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासानं इंचाच्या २६ हजारांशाइतके बारीक होते. एवढा फरक पहाटे तीनला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पार्ट नंबर वाचायचा असतो.

आमचं मत : तुझ्या घरच्या परिस्थितीत एएमई, बी-१.१. जमीन विकून सीपीएल आत्ता नको. मेडिकल मात्र दोन्ही कर. क्लास-वन निघालं आणि सत्ताविसाव्या वर्षीही सुखोईसाठी जिना धावत चढत असलीस, तर स्वतःच्या पगाराच्या जोरावर फ्लाइंग करता येईल. तेव्हा टेक्निकलचे पेपर तुला पाठच असतील. उलटं जमत नाही. साठ लाखांचं कर्ज डोक्यावर असताना कुणी दोन वर्षं टेक्निशियनच्या पगारावर काढत नाही. आमचं मत बदलेल ते एकाच गोष्टीनं : जमीन न विकता, बहिणीच्या शिक्षणाला हात न लावता फीचे पैसे उभे राहिले आणि मेटारची वही पंधरा दिवस भरली, तर मामाचं ऐक. कंपनी बुडायची भीती दोन्हीकडे सारखीच. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली तेव्हा पायलट आणि इंजिनीअर एकाच दिवशी घरी बसले. फरक कर्जाच्या आकड्याचा होता.

एएमई संस्था निवडताना सीएआर-१४७ ची मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः बघ, तीही बी-१.१ साठी आहे ना आणि अजून चालू आहे ना. प्रॅक्टिकल कुठल्या हँगरमध्ये, किती आठवडे, हे लेखी माग. ‘प्लेसमेंट किती’ विचारलं तर फोटोंची भिंत दाखवतील. चार वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या किती जणांच्या हातात आज लायसन्स आहे, ते विचार आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोल. हजेरीचं आम्ही बघून घेऊ असं कुणी सुचवलं तर तिथून उठ.

राहिली आजी. सातबाऱ्यावर नाव तिचं आहे, तर मामानं गिऱ्हाईक आणलं तरी तिच्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. तुझ्या पत्रात आजीला विचारल्याचं कुठं दिसलं नाही. मेडिकलची तारीख घेतलीस की त्याच आठवड्यात राजगुरुनगरला जाऊन ये.